बोडीतला गार

नोव्हेंबर २०२२ मध्ये भावाचा फोन आला. धानाचं, आईच्या गुडघ्याचं, कुणाच्या तरी लग्नाचं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, बोडीत म्हशीची पाठ ओली नाई होत आता." आणि ठेवून दिला.

तुम्हाला हे वाक्य वाचून काही वाटणार नाही. मी मात्र नागपुरात ऑफिसच्या खुर्चीवर परत येऊन बसले तरी डोक्यात तेच, कारण आमच्या घरी बोडीची खोली फुटात कोणी मोजलेलीच नाही, म्हैस पाण्यात बसली की तिचं किती बाहेर दिसतं त्यावरून कळायचं. पोळ्याच्या आसपास नुसती शिंगं, डोळे आणि नाकपुड्या. दिवाळीला पाठीचा कणा दिसायला लागला म्हणजे ठीक. होळीला अर्धी म्हैस. आणि हा सांगतोय की ऐन धानकापणीत ती बसली तरी पाठ कोरडी, आणि त्या वर्षी पाऊस तर असा पडला होता की वैनगंगेच्या पुरानं लोकांची घरं गेली. पाणी आलंच होतं भरपूर. बोडीत त्याला बसायला जागाच उरली नव्हती.

बोडी हा शब्द पूर्व विदर्भाबाहेर फारसा कुणाला माहीत नसतो, पुण्याच्या मैत्रिणीला सांगितलं तर तिला टक्कल केलेलं डोकं आठवलं. बोडी म्हणजे लहान तलाव, बहुतेक करून कुणाच्या तरी खाजगी मालकीचा. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, पावसाचं वाहतं पाणी अडवायचं आणि गणपतीनंतर पावसानं दडी मारली, नेमकं धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, टाईमला बांध्यांना, म्हणजे धानाच्या वावरांना, भेगा पडायला लागल्या की एक-दोन पाणी द्यायचं, एवढंच तिचं काम. शेततळं म्हटलं की आता सगळ्यांच्या डोळ्यासमोर प्लास्टिकचा कागद येतो. बोडीला कागद नसतो, तिचं पाणी तिच्याच तळाच्या मातीनं धरलेलं असतं. हे मी आत्ता मोठ्या शहाणपणानं लिहितेय, तेव्हा माहीत असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आमची बोडी तर अगदीच लहान, शेतात पण नाही, घरामागच्या सांदवाडीत, गोठा ओलांडला की लगेच. साठ फूट बाय पंचेचाळीस फूट. तिच्या खालच्या अंगाला आमच्या तीन बांध्या, त्याच्या खाली दुसऱ्यांच्या. गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीहून आत, नाव सांगत नाही, सगळी भावकी फेसबुकवर आहे.

आणि हेडिंगमध्ये टायपिंग मिस्टेक नाहीये. आमच्या झाडीबोलीत ळ नाही. डोळ्याला डोरा म्हणतात, पाळीला पार, आणि गाळाला गार. लहानपणी नागपूरची मामेबहीण उन्हाळ्यात आली होती, तिला आजोबांनी सांगितलं की उद्या बोडीतला गार काढाचा हाय, तर ती बिचारी मे महिन्याच्या उन्हात रात्रभर खूश, उद्या काहीतरी थंडगार मिळणार म्हणून. सकाळी तिच्या हातात टोपलं दिलं.

तर आजोबांच्या वेळी हे दरवर्षी व्हायचं. अक्षय तृतीया झाली की बोडी आटलेली असायची, मधोमध एक डबकं राहायचं फक्त, आणि घरातली सगळी, शेजारची दोन-चार, असे मिळून आठ-दहा दिवस सकाळचे दोन-तीन तास गाळ काढायचे. पुरुष कुदळ-फावड्यावर, बाया टोपल्यावर. वर्षभरात साचून साचून साचणार किती, बोटभर, दोन बोटं. तेवढाच खरवडायचा आणि थेट बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन टाकायचा, कारण धुऱ्यावर तूर लावायची असते आणि बोडीच्या गाळावरची तूर वेगळीच येते, तिला दुसरं काही घालावं लागत नाही. त्या कामाला कोणी "गाळ उपसा मोहीम" वगैरे म्हटलं नव्हतं. पऱ्हे (धानाची रोपं) टाकायच्या आधीची कामं असतात त्यातलं एक.

मोठ्या तलावांचं पण असंच होतं म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात साडेसहा हजारांच्या वर मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले, भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी यातले कितीतरी बांधले, जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन अशी राजाची रीत होती असं आमच्याकडचा कुठलाही म्हातारा सांगेल. नवेगावबांधचा एवढा मोठा जलाशय पण कोलू पाटील कोहळीच्या नावानं ओळखला जातो. मग मालगुजारी गेली, १९५० चा कायदा झाला, १९५१ पासून तलाव सरकारचे झाले आणि गाळ कुणाचाच राहिला नाही. आम्ही पारावर बसून सरकारला याबद्दल भरपूर शिव्या घातल्यात. आणि त्याच वेळी आमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या बोडीत तीस वर्षं कोणी फावडं घातलेलं नव्हतं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

झालं काय की आजोबा गेले आणि त्याच सुमारास शेतात बोअर झाली. बटन दाबलं की पाणी. मग बोडी म्हशीची आणि बदकांची राहिली. बाबांनी पाळीवर बांबूची रांजी, म्हणजे बेट, लावली, छान वाढली, तिचा पाला वर्षभर खाली. आईची चुलीची राख, तांदूळ पाखडलेला कोंडा, गोठ्याचं धुतलेलं पाणी. वरच्या बाजूला पडीक होतं तिथं नांगर फिरला, त्यामुळं पहिल्या पावसाचं पाणी यायचं ते चहासारखं. त्यात गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि त्याचा उतार कुणी कसा काढला देव जाणे, अख्ख्या मोहल्ल्याचं पाणी आमच्या सांदवाडीत. पाळीवर बेशरम माजली. ही वनस्पती गुरं तोंडात घेत नाहीत, विषारी आहे, तोडली तर फांदी जिथं पडेल तिथं रुजते, नाव ठेवणाऱ्यानं विचार करूनच ठेवलंय.

आणि गणपती. पूर्वी कुंभाराकडचा मातीचा आणायचो, तो बोडीतच शिरवायचा, चार दिवसांत माती होऊन जायचा. नंतर प्लास्टरचे आले. ते माती होत नाहीत. हे वाचलेलं होतं, पण मे महिन्यात गाळातून एक गुलाबी हात वर आलेला बघितला तेव्हा खरं कळलं.

पण मी पुढं जातेय.

फोननंतर मी हिशेब मांडला. हा माझा दोष आहे, मला हिशेब मांडता येतो. साठ गुणिले पंचेचाळीस म्हणजे २,७०० चौरस फूट. भावानं बांबू खुपसून सांगितलं दोन फूट तरी गाळ आहे. म्हणजे ५,४०० घनफूट, १०० घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे ५४ ब्रास, म्हणजे ट्रॅक्टरच्या साधारण ५४ ट्रॉल्या. पाण्याच्या भाषेत दीड लाख लिटर. घमेल्यात जेमतेम अर्धा घनफूट ओला गाळ बसतो, म्हणजे हातानं काढायचं तर दहा हजारांवर घमेली, आणि ओला गाळ काय वजनाचा असतो ते ज्यानं एकदा उचललंय त्यालाच माहीत, पाण्यापेक्षा जड आणि दगडापेक्षा लबाड, घमेल्याला चिकटून बसतो, उलटं केलं तरी पडत नाही, थापट्या मारून पाडावा लागतो. माणसं मिळत नाहीत. रोजी परवडत नाही. आईचे गुडघे गेलेले. जेसीबी. विषयच संपला.

पैसे मी देणार होते, त्यामुळं माझ्या मताला जरा जास्तच वजन आलं होतं. मी म्हटलं एकदाच काढायचा आणि असा काढायचा की परत पंधरा-वीस वर्षं बघायला नको. आजूबाजूला वातावरणही तसंच होतं, जलयुक्त शिवार झालं, मग २०१७ ला गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार आलं, जिकडं तिकडं नाले खोल केलेले फोटो, आणि खोल म्हणजे चांगलं हे डोक्यात पक्कं बसलेलं. आणखी एक फूट खाली गेलं तर ७६,००० लिटर पाणी जास्त. फुकट. नुसतं अजून थोडं खणायचं.

आईनं फोनवर एवढंच विचारलं, "बाई, गार काढाचा हाय का बोडी फोडाची हाय?" मला तेव्हा ते जुन्या माणसांचं भ्यालेपण वाटलं.

मे २०२३. मी आठ दिवसांची सुट्टी घेऊन गेले. बोडी आटलेली होती, वर भेगाळलेली पोपडी, त्यावरून चालता यायचं, मध्यावर मात्र पाय टाकला की पोपडी मोडून गुडघ्यापर्यंत आत. मी पहिल्याच दिवशी रुतले, चप्पल आत राहिली ती राहिलीच. पाय बाहेर ओढताना खालून बुडबुडे आले आणि सडक्या अंड्याचा वास. पाला, शेण सगळं हवेशिवाय कुजत पडलेलं असतं ना आत, त्याचा वायू. भाऊ म्हणाला, आता कसं, गावात आल्यासारखं वाटलं?

जेसीबी यायच्या आदल्या दिवशी मोहल्ल्यातले एक म्हातारे ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, आले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. बाबांच्या वेळी ते आमच्या बोडीत शिंगाडा लावायचे आणि मासे पण तेच धरायचे. त्यांच्याबरोबर दोन पोरं. मधल्या डबक्यात आणि त्याच्या भोवतीच्या चिखलात जे काही जिवंत होतं ते आधी काढून घ्यायचं असं त्यांचं म्हणणं, मशीन आली की सगळं चेंगरून मरेल. मी बघत बसले. हात कोपरापर्यंत चिखलात, डोळे भलतीकडं, आणि एकदम हात बाहेर येतो तो मरळ घेऊनच. मरळ, मांगूर हे मासे वरची हवा घेऊ शकतात, म्हणून बोडी आटली तरी ओल्या चिखलात कितीतरी दिवस तग धरतात. गोगलगाई तर दरवाजा लावून बसलेल्या, शंखाच्या तोंडावर झाकण घट्ट, पाऊस येईपर्यंत कोणी हाक मारू नका. हे सगळं पाण्याच्या टाकीत आणि दोन ड्रममध्ये भरलं. पोरांच्या पायात सारखे काटे जात होते, वाळलेल्या शिंगाड्यांचे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे शिंगाडे, आतलं सगळं गेलेलं, काटे मात्र नवेकोरे.

मामांनी मग बोडीभर एक चक्कर मारली. अनवाणी. काठी होती हातात पण ती नुसती तोल सांभाळायला, बघत होते ते पायानं. मध्येच थांबायचे, टाच दाबायचे, पुढं जायचे. वर आल्यावर म्हणाले, "पाय रुतते तोवर गार हाय. पाय थांबला का आपनबी थांबाचं."

मी हो म्हटलं. आणि मनात म्हटलं, अहो पण ७६,००० लिटर.

जेसीबीचं काम दीड दिवस चाललं. तासाचा रेट, त्यामुळं ड्रायव्हर चहालासुद्धा थांबला की माझा जीव वर-खाली. पहिली दोन-तीन बकेटं पडली तेव्हा सगळं गाव पाळीवर येऊन उभं राहिलं, गावात बघायला दुसरं असतं काय. आणि खरं सांगू, दृश्य बघण्यासारखंच होतं. कडेला कापलेली भिंत उभी राहिली आणि तिच्यात थर दिसायला लागले. सगळ्यात वर पाला आणि राखाडी धूळ. मग काजळासारखा काळा, चमकणारा, घाण वासाचा, हाच तो तीस वर्षांचा. त्यात काय काय निघालं! जर्मनचा एक गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, चेपलेला, आईनं लगेच ओळखला, शेजारणीनं नेला म्हणून तिनं जिच्याशी पाच वर्षं बोलणं टाकलं होतं तो. खताच्या गोणीचे तुकडे. तो प्लास्टरचा हात. बल्ब. त्याच्याखाली निळसर राखाडी, मेणासारखी चोपडी माती, त्यात काहीच नाही, खापराचा तुकडा पण नाही, बोटानं दाबली तर ठसा जसाच्या तसा. आणि कुठं कुठं तिच्याखाली डोकावणारा पिवळा-लाल मुरूम.

काळा गाळ ट्रॉलीतून ओतला की संध्याकाळपर्यंत त्याचा रंग बदलायचा. सकाळी काळाकुट्ट, दुसऱ्या दिवशी कडेनं तपकिरी, चार दिवसांनी गंजलेल्या पत्र्यासारखा. आतलं लोखंड हवा लागली की गंजतं, बाकी काही नाही, पण आई म्हणाली, "पाह, त्याचा राग उतरला." आणि राग उतरल्याशिवाय धानाच्या बांधीत टाकायचा नाही हेही तिनंच सांगितलं, कच्चा काळा गाळ रोपाच्या मुळांना मानवत नाही. आमच्या बांध्या सिहार मातीच्या, हलक्या, पाणी लवकर सोडतात, त्यांना हा गाळ म्हणजे औषध. पण औषध पण चमच्यानंच घ्यावं. शेजाऱ्यांनी उत्साहात चार ट्रॉल्या एकाच लहान बांधीत ओतल्या, त्यांचं धान त्या वर्षी छातीपर्यंत वाढलं आणि कापणीआधी सपाट लोळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काळा सगळा निघाला. बोडी मोठी दिसायला लागली होती, मी लहानपणी बघितली होती तेवढी. भाऊ म्हणाला झालं. मामा जवळ नव्हते, जेवायला गेले होते. ड्रायव्हर म्हणाला, ताई, अजून अर्धा तास आहे तुमच्या हिशेबातला, काय करू? आणि मी पाळीजवळच्या पूर्वेच्या कोपऱ्याकडं हात दाखवून म्हटलं, इथं अजून थोडं खोल घ्या.

अर्ध्या तासात जेसीबी काय करू शकते याचा मला अंदाज नव्हता. वीस बाय पंधराचा तुकडा, निळी माती वरवरची उडाली आणि लालभडक मुरूम वर आला. सुंदर दिसत होता अगदी. ड्रायव्हर खूश, मुरूम तर विकता पण येईल म्हणाला, भावानं त्याला सांगितलं की गौण खनिज आहे ते, परवान्याशिवाय हलवलं तर ट्रॅक्टर जप्त. मामा जेवून आले. पाळीवर उभे राहिले, खाली बघितलं, कोणाला काही बोलले नाहीत, तंबाखू काढली. मला वाटलं काम आवडलं असेल.

जूनमध्ये पाऊस आला. भावानं रोज फोटो पाठवावा आणि मी रोज बघावा. जुलैत बोडी भरली, म्हणजे सांडव्याला पाणी लागलं, मी ऑफिसात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग तीन दिवस उघडीप पडली आणि भावानं लिहिलं, वीतभर उतरलं. मी लिहिलं, बाष्पीभवन. त्यानं लिहिलं, ताई, जुलै आहे. पोळ्यापर्यंत गावातल्या सगळ्या बोड्या तुडुंब आणि आमच्या बोडीत म्हशीचं पोट दिसत होतं. पाऊस पडला की भरायची, थांबला की उतरायची. खालच्या बांधीत, पाळीच्या पायथ्याशी, एक जागा कायम ओली, तिथून झुळझुळ पाणी. आमचं ७६,००० लिटर.

मग मी वाचायला बसले, म्हणजे जे मे महिन्याच्या आधी करायला हवं होतं ते. ती निळी माती म्हणजेच बोडी. पाण्याबरोबर आलेले सगळ्यात बारीक कण सगळ्यात शेवटी खाली बसतात, वर्षानुवर्षं बसत जातात, त्यावरून गुरं फिरतात, माणसं फिरतात, तुडवून तुडवून तो थर असा घट्ट होतो की त्यातून पाणी जात नाही. धानाच्या बांधीत आपण रोवणीआधी चिखल करतो तो कशासाठी, त्यासाठीच. म्हणजे हा थर पण एके काळचा गाळच. पणजोबांच्या वेळचा गाळ हा आमचा तळ आहे आणि मी तो अर्ध्या तासाच्या जेसीबीत काढून टाकला, कारण माझ्या हिशेबात गाळ हा एकच शब्द होता. मुरूम तर चाळणीच. मोठमोठ्या नाल्यांचं खोलीकरण करताना पण हेच झालं असं जाणकार ओरडून सांगत होते, तेव्हा मी ते पेपरात वाचलंही होतं, नाला माझा नव्हता म्हणून पुढं गेले.

आणखी एक गोष्ट त्या वाचनात सापडली. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ बरीच वर्षं तलावांवर काम करतंय, ढिवर बायांना सोबत घेऊन. त्यांचा अनुभव असा की तलाव नुसता खोल केल्यानं मासे परत येत नाहीत, बेशरम काढावी लागते, तळ नांगरावा लागतो आणि पाण्यातल्या देशी वनस्पती शोधून आणून परत लावाव्या लागतात, कारण मासा अंडी घालणार कुठं आणि खाणार काय. माझ्या डोक्यात बोडी म्हणजे पाण्याची टाकी होती. मामांनी ड्रममध्ये ठेवलेले मरळ भावानं परत सोडले होते, पण त्यांना लपायला त्या पूर्ण बोडीत एक पान नव्हतं. बगळ्यांची मात्र त्या वर्षी चंगळ झाली.

मामांना मी दिवाळीत विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? ते म्हणाले, "खनून झाल्यावर काय बोलाचं जी."

मे २०२४ मध्ये आम्ही गाळ परत बोडीत टाकला. हो. गोठ्यामागं दहा-बारा ट्रॉल्यांचा ढीग उरला होता, बाकी सगळा धुऱ्यांवर आणि बांध्यांत गेलेला. त्यातली निळसर माती ढेकळं बघून बघून वेगळी काढली, हातानं, घमेल्यानं, तीच ती घमेली जी परवडत नाहीत म्हणून मी जेसीबी लावली होती. ढेकळं फोडून बारीक केली, त्या कोपऱ्यात चार-चार बोटांचा थर पसरायचा, पाणी मारायचं, तुडवायचं, परत थर. तुडवायला आमच्या दोन म्हशी आणि शेजाऱ्यांच्या दोन, त्यांना गोल फिरवायचं, आणि जिथं म्हशी जायला तयार नाहीत तिथं आम्ही. मधल्या भागात ट्रॅक्टरला केजव्हील (चिखलणीची लोखंडी चाकं) लावून फिरवलं. सात दिवस. गल्लीतली पोरं चिखलात लोळायला मिळतं म्हणून फुकट आली, त्यांनी सगळ्यात चांगलं काम केलं. आई पाळीवर खुर्ची टाकून बसायची आणि कुठला कोपरा राहिला ते सांगायची, आणि आल्यागेल्याला हे पण सांगायची की आमच्या पोरीनं मागच्या साली पैसे देऊन गार बाहेर काढला, औंदा पैसे देऊन आत टाकून रायली, बँकेत नोकरीला हाय.

मामा आले, अनवाणी फिरले, त्या कोपऱ्यात दोनदा टाच दाबली. "थांबते," म्हणाले. मग घरी जाऊन ओल्या पोत्यात गुंडाळून पाण्यातल्या कसल्या कसल्या वेली घेऊन आले, मुळांना चिखल लावून तळाशी खोचल्या. बदल्यात त्यांनी पूर्वीसारखे शिंगाडे लावायचे ठरले. काट्यांचं मी काही बोलले नाही.

त्या पावसाळ्यात पाणी थांबलं. सगळं नाही, पण थांबलं. आणि आता दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आठवड्यात मी चार दिवस जाते, थोडाच गाळ निघतो, तीस-चाळीस घमेली एका सकाळी, भाऊ, भावजय, तिची दोन पोरं आणि मी. वरच्या बाजूला, जिथून गल्लीचं पाणी आत येतं तिथं भावानं एक खड्डा केलाय, येणारं पाणी आधी तिथं थांबतं आणि निम्मा गाळ तिथंच बसतो, तो तर कधीही काढता येतो, चप्पल घालून. ही कल्पना माझी नाही, त्याची. त्याचा हिशेब वहीत नसतो.

बांबूची रांजी अर्धी कमी केली. बेशरम दर पंधरा दिवसांनी उपटावी लागते आणि तरी येतेच.

पाळीच्या पायथ्याशी ती ओली जागा अजून आहे. पूर्वीसारखी झुळझुळ नाही, पण उन्हाळ्यातसुद्धा माती काळी दिसते तिथं, म्हणजे त्या कोपऱ्यात कुठंतरी फट राहिलीये. मागच्या मे महिन्यात मी भावाला म्हटलं की आणखी दोन दिवस देऊ, एक थर अजून तुडवू, हे पण बंद होऊन जाईल. तो काही बोलला नाही, नुसतं तिकडं बोट दाखवलं. आईनं त्या ओलीत धोपा, म्हणजे अळू, लावला होता. हत्तीच्या कानाएवढी पानं. चैत्र-वैशाखात, सगळं गाव करपलेलं असताना, आमच्याकडं धोप्याच्या वड्या. शेजारणी मागायला येतात, त्या जर्मनच्या गंजवाल्या पण, आणि आई प्रत्येकीला पानं देताना सांगते की हे माझ्या पोरीनं लावून देलं.